गाव गोरं, शहर काळं: अमेरिकी मतपेटीतली वर्णरेषा

१९६० च्या जनगणनेत अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीची लोकसंख्या १५,४१७ भरली. बर्मिंगहॅम हे पोलादाच्या कारखान्यांचं शहर ज्या जेफर्सन काउंटीत येतं, तिथे सहा लाखांवर माणसं राहत होती. राज्याच्या सिनेटमध्ये मात्र दोन्ही काउंट्यांना एकेकच जागा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ठरलेलं जागावाटप साठ वर्षं कुणी हलवलंच नव्हतं. वरवर पाहिलं तर हा खेड्यांनी शहरावर केलेला उघड अन्याय. हिशेबच करायचा तर लाउंड्समधल्या एका माणसाचं वजन बर्मिंगहॅमच्या चाळीस माणसांइतकं होतं.

पण लाउंड्समधल्या कोणत्या माणसाचं? तिथल्या दर पाच रहिवाशांपैकी चार कृष्णवर्णीय होते, आणि १९६५ साल उजाडलं तेव्हा त्यांच्यातल्या एकाचंही नाव मतदारयादीत नव्हतं. गोऱ्यांची नावं मात्र काउंटीतल्या पात्र गोऱ्या नागरिकांपेक्षाही जास्त भरत होती. म्हणजे सिनेटची ती जागा पंधरा हजार माणसांच्या काउंटीची, आणि ती चालवायची मूठभर गोऱ्या जमीनमालकांनी. खेड्याला वजन होतं, पण त्या खेड्यातल्या बहुसंख्यांना त्या वजनात कणभरही वाटा नव्हता.

अमेरिकी निवडणुकांची चर्चा गेली काही वर्षं दोन तटांत विभागली आहे. एका बाजूचे म्हणतात, सगळं वंशावर चालतं: गोरे एकीकडे, कृष्णवर्णीय दुसरीकडे, बाकीचे मधे कुठेतरी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, खरी फट शहर आणि खेड्यातली आहे. आकडे दोघांच्याही हाती आहेत. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ च्या निवडणुकीनंतर मतदारांची जी पाहणी केली तीत ग्रामीण मतदारांपैकी ६९ टक्क्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिल्याचं दिसलं, तर शहरी मतदारांपैकी ६५ टक्क्यांनी कमला हॅरिस यांना. त्याच पाहणीत कृष्णवर्णीयांची ८३ टक्के मतं हॅरिस यांना होती. या दोनांतलं कोणतं कारण खरं, असा वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. अमेरिकेत कोण कुठे राहील हेच दीडदोनशे वर्षं कातडीच्या रंगावरून ठरवलं गेलं. जमिनीचे व्यवहार, घरकर्जं, शाळांच्या हद्दी, मतदारसंघांच्या रेषा या सगळ्यांतून ते ठरलं. त्यामुळे वस्तीचा नकाशा उलगडला की आत वंशाचाच नकाशा निघतो. निघत नाही अशीही ठिकाणं आहेत, आणि तीच सर्वांत जास्त शिकवून जातात. त्यांच्याकडे पुढे येतो.

आधी जमीन. मिसिसिपीपासून अलाबामा, जॉर्जियामार्गे कॅरोलायनांपर्यंत जाणारा एक चंद्रकोरीसारखा पट्टा आहे. त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. गेल्या कित्येक अध्यक्षीय निवडणुकांचे काउंटीवार नकाशे काढले तर तांबड्या, म्हणजे रिपब्लिकन दक्षिणेत ही निळी, म्हणजे डेमोक्रॅट कोर स्पष्ट दिसते. तिचं मूळ फार खोल आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्राचा किनारा होता. त्याच्या गाळातून चुनखडीचे थर साचले आणि त्यांच्यावर काळी, सुपीक माती तयार झाली. एकोणिसाव्या शतकात त्या मातीत कापूस आला आणि कापसासाठी गुलाम आणले गेले. १८६१ ते १८६५ च्या यादवीत त्या कापसाच्या गाठी अडकल्या, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाड-खानदेशाकडे तोंड वळवलं आणि मुंबईत पैशाचा पूर आला, हे आपल्याकडे शाळेतल्या इतिहासातही येतं. कापूस ज्यांनी वेचला त्यांची पणतवंडं आजही त्याच काउंट्यांत राहतात आणि मोठ्या बहुमताने डेमोक्रॅट पक्षाला मत देतात. ती खेड्यात राहणारी माणसं आहेत, शेतीवर आणि छोट्या कारखान्यांवर जगणारी, चर्चला नेमाने जाणारी. ‘ग्रामीण मतदार’ म्हटलं की अमेरिकी वाहिन्यांवर जो चेहरा दिसतो, त्यात ती नसतात. प्रत्यक्षात अमेरिकेच्या ग्रामीण भागातला दर चौथा माणूस गोरा नाही.

हा चेहरा गोरा कसा झाला, याचा एक हिशेब शेतीच्या खातेपुस्तकात सापडतो. १९२० मध्ये अमेरिकेत जवळपास सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. पुष्कळसे बटईने कसणारे, पण स्वतःच्या मालकीची जमीन असणारेही लाखोंनी. आज त्यांची संख्या ५० हजारांहून कमी आहे. शेती सगळ्यांचीच घटली, यंत्रं आली, हे खरं. पण कृष्णवर्णीयांची घट त्याच्या किती तरी पट झाली. मृत्युपत्राविना वारसांत विखुरलेल्या जमिनी लिलावात निघाल्या. शेतीखात्याच्या स्थानिक समित्या गोऱ्यांच्या हाती, त्यामुळे पेरणीच्या वेळी हवं असलेलं कर्ज पेरणी उलटल्यावर मंजूर व्हायचं किंवा नाहीच व्हायचं. या भेदभावाविरुद्ध शेतकऱ्यांनी लावलेल्या पिगफर्ड खटल्यात सरकारने १९९९ मध्ये तडजोड केली, आणि २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज डॉलरची. २०२१ मध्ये काँग्रेसने गोरेतर शेतकऱ्यांची कर्जं माफ करायचं ठरवलं, तेव्हा गोऱ्या शेतकऱ्यांनी कोर्टातून स्थगिती आणली आणि पुढच्या वर्षी ती तरतूदच रद्द झाली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची मुलं शहरात गेली. मग खेडं ‘मुळातच’ गोरं असल्यासारखं दिसू लागलं.

शहरात जाणं हा या कथेचा दुसरा अंक. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या दर दहा कृष्णवर्णीयांपैकी नऊ दक्षिणेत राहत होते. त्यानंतरच्या साठ वर्षांत सुमारे साठ लाख माणसं शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिसकडे निघून गेली. पोट हे कारण होतंच, झुंडबळीची दहशत हेही होतं. आणि एक परिणाम असा की दक्षिणेच्या खेड्यात ज्याला मतपेटीजवळ फिरकता येत नव्हतं, तो उत्तरेच्या शहरात पोचताच मतदार झाला. शहरी डेमोक्रॅट यंत्रणांना त्याची दखल घ्यावी लागली. नागरी हक्कांचे कायदे मंजूर करायला जे राजकीय बळ लागलं, त्यातला मोठा वाटा या स्थलांतरितांचा होता. हे श्रेय त्यांना पुरेसं मिळालेलं नाही.

पण शहरांनी त्यांना घर दिलं ते कुंपणातलं. डेट्रॉइटच्या उत्तरेला, एट माइल रोडच्या अलीकडे, काँक्रीटची एक भिंत आहे. सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरने ती बांधली. पलीकडे कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती आणि अलीकडे त्याला गोऱ्यांसाठी घरं काढायची होती. घरकर्जाला हमी देणारं सरकारी गृहनिर्माण प्रशासन अशा वस्तीलगतच्या जागेला हमी देत नसे. मधे भिंत घातली आणि हमी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे. तिच्या एका भागावर आता रहिवाशांनी चित्रं रंगवली आहेत. वंशभेदावरची जाडजूड पुस्तकं जे सांगतात ते या अर्ध्या मैलात उभं आहे: लोकांच्या मनात पूर्वग्रह होतेच, पण त्यांना सिमेंट आणि कर्ज सरकारी नियमांनी पुरवलं.

युद्धानंतर ही भिंत देशभर पसरली, दिसली नाही एवढंच. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनच्या भाडेकरारातच गोरेतरांना मज्जाव होता. १९५६ च्या महामार्ग कायद्याने उपनगरात राहून शहरात नोकरी करणं सोपं झालं, आणि ते रस्ते काढताना पुष्कळदा कृष्णवर्णीयांच्याच वस्त्या पाडल्या गेल्या. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं डेट्रॉइट २०२० मध्ये सहा लाख चाळीस हजारांच्या आत आलं. १९७४ मध्ये मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने सांगितलं की शहरातल्या शाळांचा वंशभेद मोडण्यासाठी उपनगरांतल्या शाळांना त्यात ओढता येणार नाही. तोवर शहराची हद्द म्हणजे पालिकेची बाब होती. त्या निकालानंतर तिला वर्णरेषेचं बळ आलं.

इथे एक मराठी दुवा आहे. मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ६ ऑगस्ट १९६५ रोजी सही केली, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नव्या स्थलांतर कायद्यावर. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनीअर पुढे मोठ्या संख्येने तिकडे गेले ते या दुसऱ्या कायद्यामुळे. ते राहायला गेले बहुतांशी उपनगरांत, कारण चांगल्या शाळा तिथे होत्या. त्या शाळा तिथेच का होत्या, हे अमेरिकेतल्या मराठी घरांत फारसं बोललं जात नाही. बोललं जावं असं मला वाटतं. नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची हवा बदलली नसती तर तो स्थलांतर कायदा तसा झाला नसता.

आता पक्षांकडे येऊ. रूझवेल्टच्या काळातली डेमोक्रॅट आघाडी ही न जुळणाऱ्यांची मोट होती: दक्षिणेतले वर्णवर्चस्ववादी गोरे, उत्तरेतले कामगार आणि उत्तरेतलेच कृष्णवर्णीय. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ती फुटली. त्या कायद्याला विरोध करणारे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी त्या वर्षी स्वतःच्या ॲरिझोनाशिवाय फक्त पाच राज्यं जिंकली, आणि ती पाचही खोल दक्षिणेतली. पण पुढचा बदल एका रात्रीत झाला असं समजायचं कारण नाही. अलाबामाचं विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाकडे गेलं ते थेट २०१० मध्ये, १३६ वर्षांनी. वरच्या पदांसाठी एक आणि गावच्या माणसासाठी दुसरा पक्ष, असं मतदान दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आज मिसिसिपीत कृष्णवर्णीयांचं प्रमाण सर्व राज्यांत जास्त, सुमारे ३८ टक्के, आणि तरी ते राज्य रिपब्लिकनांचं हमखास राज्य आहे, कारण तिथले गोरे जवळजवळ एकगठ्ठा मत देतात.

दक्षिणेपुरतं हे स्पष्टीकरण चालतं. उत्तरेतल्या गोऱ्या खेड्यांना ते जसंच्या तसं लावलं की अडचण येते. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचं, बहुतांशी गोऱ्यांचं राज्य. १९८८ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार मायकेल डुकाकिस देशभर हरले तेव्हाही त्यांच्या मागे उभं राहिलेलं. २०२४ मध्ये तिथे ट्रम्प यांना ७० टक्के मतं पडली. आयोवातल्या हॉवर्ड काउंटीचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१२ मध्ये या गोऱ्या शेतकरी काउंटीने बराक ओबामांना वीस टक्क्यांहून मोठी आघाडी दिली आणि चारच वर्षांनी ट्रम्प यांना तितकीच मोठी. अशी उलटापालट करणारी ती देशातली एकमेव काउंटी. या मतदारांना केवळ वर्णद्वेष्टे म्हणून मोकळं होता येत नाही, कारण कृष्णवर्णीय उमेदवाराला त्यांनी भरभरून मत दिलं होतं.

मग झालं काय? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या राज्यशास्त्रज्ञ कॅथरीन क्रेमर यांनी या प्रश्नावर केलेलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. २००७ पासून त्या राज्यभर फिरल्या. प्रश्नावली घेऊन घरोघर जाण्याऐवजी पेट्रोल पंपावर, हॉटेलात सकाळी कॉफीला जमणाऱ्या नेहमीच्या कट्ट्यांवर जाऊन बसल्या आणि ऐकत राहिल्या. खेड्यांत त्यांना एकच सूर वारंवार ऐकू आला: निर्णय मॅडिसन आणि मिलवॉकी या शहरांत होतात, पैसा तिकडेच जातो, आणि वर आम्हालाच गावंढळ समजतात. सत्ता, पैसा आणि मान, तिन्हींत आपली फसवणूक होते ही भावना. तिला वस्तुस्थितीचा आधारही होता. २०१० पासून देशात शंभरावर ग्रामीण रुग्णालयं बंद पडली, १९८० च्या दशकातल्या कर्जसंकटात लहान शेतकरी देशोधडीला लागला, गावची वर्तमानपत्रं मेली, फर्निचरचे आणि कापडाचे कारखाने परदेशी गेले. दरडोई सरकारी पैसा खरोखर शहरांकडे जास्त जातो का, हे क्रेमर यांनी तपासलं तेव्हा तसा सरळ पुरावा मिळाला नाही. पण मान मिळत नाही या तक्रारीला आकड्यांनी उत्तर देता येत नाही.

आणि वंश? तो या बोलण्यात सहसा उघडपणे येत नाही. पण विस्कॉन्सिनमधले बहुतेक कृष्णवर्णीय मिलवॉकीत राहतात. ‘मिलवॉकीवाले आमच्या करांवर जगतात’ असं कुणी म्हणालं की डोळ्यांसमोर कुणाची वस्ती येते, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. कष्टकरी कोण आणि ऐतखाऊ कोण, ही वाटणी अमेरिकेत इतक्या पिढ्या रंगावरून झाली आहे की आज रंगाचा उच्चार न करताही ती पुढे चालते. ग्रामीण गोऱ्यांचा राग खरा आहे आणि त्या रागाला दिशा देणारी जुनी वर्णव्यवस्थाही खरी आहे. २०२४ मध्ये ग्रामीण गोऱ्यांना लोकशाहीचा धोका ठरवणारं एक पुस्तक गाजलं, आणि ज्यांच्या संशोधनाचा त्यात आधार घेतला होता त्यांच्यातल्याच काहींनी त्यावर आक्षेप घेतला. मला ते आक्षेप पटतात. ज्या माणसाचं जवळचं प्रसूतिगृह आता तासभराच्या अंतरावर गेलं आहे, त्याला आधी गुन्हेगार ठरवून पुढचं संभाषण होत नाही.

वंशाला मत बांधलेलं नसतं, हे टेक्ससच्या सीमेवरची स्टार काउंटी दाखवते. रिओ ग्रँडे नदीकाठच्या या ग्रामीण काउंटीतले जवळपास सगळे रहिवासी मेक्सिकन वंशाचे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना तिथे ७९ टक्के मतं मिळाली होती. २०२४ मध्ये तीच काउंटी ट्रम्प यांनी जिंकली. १८९२ नंतर तिथे अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवार जिंकण्याची ही पहिली वेळ. तेलक्षेत्रातल्या नोकऱ्या, सीमा पोलिसांतली भरती, चर्च, महागाई अशी कारणं सांगितली जातात, आणि ती खेड्यातल्या कुठल्याही गोऱ्या मतदाराची वाटावीत अशीच आहेत. उलट बाजूला साउथ डकोटातली ओग्लाला लाकोटा काउंटी, पाइन रिज या मूलनिवासी राखीव क्षेत्राची. तितकीच ग्रामीण, त्याहून कितीतरी गरीब, आणि डेमोक्रॅटांची. शेजारच्या नॉर्थ डकोटात २०१८ मध्ये मतदानासाठी रस्त्याचं नाव आणि घरक्रमांक असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं. राखीव क्षेत्रांत अनेक घरांना असा पत्ताच नसतो, लोक टपालपेटीचा क्रमांक वापरतात. जमातींच्या कार्यालयांनी निवडणुकीच्या तोंडावर दिवसरात्र नवी ओळखपत्रं छापली. आणि गोऱ्या, ग्रामीण व्हरमाँटमध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट निवांतपणे जिंकतात, हेही नोंदवून पुढे जाऊ.

इथवरचं सगळं मत कुणाला पडतं याबद्दल झालं. पडलेलं मत मोजताना किती भरतं, हा प्रश्न त्याहून कमी चर्चेचा आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. १७८७ च्या राज्यघटनेत पाच गुलामांची तीन माणसं धरून दक्षिणेच्या राज्यांना जागा दिल्या गेल्या. मत अर्थातच मालकाचं. मत नसलेली माणसं मोजून आपलं वजन वाढवायचं, ही युक्ती पुढे रूप बदलत राहिली. १९२० च्या जनगणनेत पहिल्यांदा शहरी लोकसंख्या निम्म्यावर गेली, तेव्हा काँग्रेसने पूर्ण दशकभर जागांचं फेरवाटपच केलं नाही. जॉर्जियात पक्षांतर्गत निवडणूक मतांवर न ठरता काउंट्यांच्या गुणांवर ठरे. अटलांटा ज्या फुल्टन काउंटीत आहे तिला सहा गुण, आणि तीन सर्वांत छोट्या काउंट्यांना मिळूनही सहाच. १९४६ मध्ये युजीन टालमेज हा कडवा वर्णभेदवादी नेता एकूण मतांत मागे पडूनही या गुणांवर राज्यपालपदाचा उमेदवार झाला. ट्रॅम धावते अशा काउंटीत आपल्याला प्रचार करावा लागत नाही, असं तो सांगत असे म्हणतात.

१९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मोडली. १९६३ मध्ये जॉर्जियाचे गुण गेले, १९६४ मध्ये रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स खटल्यात लाउंड्स आणि जेफर्सनचा तो चाळीसपट फरक गेला. विधिमंडळात माणसांचं प्रतिनिधित्व होतं, झाडांचं आणि एकरांचं होत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. एक व्यक्ती, एक मत. पण व्यक्ती कुठली धरायची? जनगणना कैद्यांना तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते. आयोवात ॲनामोसा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका प्रभागात सुमारे तेराशे माणसं तुरुंगातली आणि बाहेर राहणारी साठाच्या आत. २००५ मध्ये त्या प्रभागातून एक जण केवळ दोन मतांवर नगरसेवक झाला. दोन्ही मतपत्रिकांवर त्याचं नाव हाताने लिहिलेलं होतं: एक बायकोने, एक शेजाऱ्याने. गावाने पुढे पद्धत बदलली. न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी २०१० पासून कैद्यांना त्यांच्या मूळ पत्त्यावर मोजायचा कायदा केला. पण जिथे तो नाही, तिथे शहरातल्या कृष्णवर्णीय मोहल्ल्यातून उचललेला तरुण दूरच्या गोऱ्या गावाच्या लोकसंख्येत भरतो, आणि मत त्याला बहुतेक राज्यांत देताच येत नाही. तीन-पंचमांशाच्या तडजोडीशी याचं नातं न दिसायला डोळे मिटूनच घ्यावे लागतील.

मतदारसंघाच्या रेषांचा खेळ याहून मोठा. २०१८ मध्ये विस्कॉन्सिनच्या असेंब्लीसाठी डेमोक्रॅट उमेदवारांना राज्यभर मिळून निम्म्याहून जास्त मतं पडली आणि ९९ पैकी जागा मिळाल्या ३६. यात २०११ मध्ये रिपब्लिकनांनी आखलेल्या रेषांचा हात होताच. पण राज्यशास्त्रज्ञ जोनाथन रॉडन यांनी दाखवलंय तसं, यात भूगोलही आहे. डेमोक्रॅट मतं शहरांत दाटीवाटीने साचतात. मिलवॉकीत उमेदवार ऐंशी टक्क्यांनी जिंकला तरी जागा एकच. ही दाटी का झाली, हे वर आलंच आहे. नकाशे बदलल्यावर २०२४ मध्ये त्यांच्या जागा ४५ झाल्या. प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर देणाऱ्या केंद्रीय सिनेटबद्दल एकच आकडा पुरे: देशातली निम्म्याहून जास्त लोकसंख्या नऊ राज्यांत राहते, म्हणजे शंभरांतले अठरा सिनेटर तिच्या वाट्याला.

आणि या सगळ्यावर २५ जून २०१३. शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर. शेल्बी ही बर्मिंगहॅमची उपनगरी काउंटी. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी, ही मतदान हक्क कायद्यातली तरतूद या निकालाने निकामी झाली. त्यानंतर अलाबामात छायाचित्रासह ओळखपत्र सक्तीचं झालं, आणि २०१५ मध्ये राज्याने वाहन परवान्याची ३१ कार्यालयं बंद करायचं जाहीर केलं. त्यांतली अनेक ब्लॅक बेल्टमध्ये. ओळखपत्र मागायचं आणि ते देणारी खिडकीच मिटायची. ओरड झाल्यावर निर्णय थोडा मागे घेतला गेला. २०१८ मध्ये जॉर्जियातल्या रँडॉल्फ या कृष्णवर्णीय बहुसंख्य ग्रामीण काउंटीत नऊपैकी सात मतदान केंद्रं बंद करायचा प्रस्ताव आला. अपंगांसाठी सोयी नाहीत, असं कारण दिलं गेलं. लोक सभेला गर्दी करून आले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. जिथे बस नाही, गाडी प्रत्येकाकडे नाही, तिथे दहा-पंधरा मैल लांब गेलेलं केंद्र म्हणजे गेलेलं मत. खेड्यातल्या कृष्णवर्णीय माणसावर वंशाचा आणि वस्तीचा असा दुहेरी मार बसतो, आणि राष्ट्रीय चर्चेत तो दोन्हीकडून गळतो: वंशावर बोलणारे शहराकडे पाहत असतात, खेड्यावर बोलणारे गोऱ्यांकडे.

लाउंड्समध्ये हा मार सरळ उघड्यावर बसला. १९६५ मध्ये नाव नोंदवायला गेलेल्या बटईदारांना मालकांनी घराबाहेर काढलं, आणि हायवे ८० च्या कडेला तंबू ठोकून अनेक कुटुंबं दोन वर्षांच्या आसपास तिथे राहिली. त्याच महामार्गावर त्या वर्षी २५ मार्चच्या रात्री मतदान हक्कासाठी निघालेल्या मोर्च्यातल्या लोकांना गाडीने सोडणाऱ्या व्हायोला लिउझो यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या गोऱ्या होत्या, पाच मुलांच्या आई, आणि आल्या होत्या डेट्रॉइटहून. १९७० मध्ये जॉन ह्युलेट हे त्या काउंटीचे पहिले कृष्णवर्णीय शेरीफ झाले. पण मताने जमीन फिरली नाही. काळ्या चिकट मातीत पाणी मुरत नाही, आणि मलनिस्सारणाची स्वतंत्र यंत्रणा बसवणं गरिबांना परवडत नाही, त्यामुळे अनेक घरांचा मैला आजही मागच्या अंगणात येतो. यावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये अलाबामाच्या आरोग्य खात्याशी करार केला होता. एप्रिल २०२५ मध्ये तो रद्द झाला.

डेट्रॉइटमध्ये तोच प्रश्न उलट्या अंगाने आला. मिशिगनच्या मतदारांनी २०१८ मध्ये कौल देऊन मतदारसंघ आखायचं काम राजकारण्यांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. आयोगाने पक्षांमधला तोल साधला, पण त्यासाठी डेट्रॉइटचे तुकडे चाकाच्या आऱ्यांसारखे गोऱ्या उपनगरांना जोडले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने विधिमंडळाचे १३ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखल्याचं सांगून रद्द केले. दरम्यान २०२२ मध्ये काँग्रेसच्या तेराव्या मतदारसंघातून बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार निवडून आले. पक्षांतर्गत निवडणुकीत नऊ उमेदवार होते, कृष्णवर्णीय मतं विभागली गेली. तीन-चतुर्थांशाहून अधिक कृष्णवर्णीय असलेल्या या शहराचा काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाही, असं १९५५ नंतर प्रथमच घडलं. आपल्याकडे बातमी आली ती मराठी माणसाच्या यशाची. त्या यशाचा अभिमान बाळगतानाच डेट्रॉइटकरांना वाटलेली हळहळही आपण समजून घ्यायला हवी. ती ठाणेदार यांच्याविषयी असण्यापेक्षा सात दशकांनी सुटलेल्या एका जागेविषयी होती.

अलीकडची लढाई मिसूरीतली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाने जनगणनेची वाट न पाहता काँग्रेसचे मतदारसंघ नव्याने आखले. कॅन्सस सिटीचा मतदारसंघ फोडून तिचे भाग ग्रामीण काउंट्यांच्या लांबलचक पट्ट्यांना जोडले. तिथले खासदार इमॅन्युएल क्लीव्हर हे त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर होते. शहर कापताना रेषा नेली ती ट्रूस्ट ॲव्हेन्यूवरून. पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेला गोरे आणि पूर्वेला कृष्णवर्णीय, अशी शहराची फाळणी ज्या रस्त्याने झाली तोच हा रस्ता. मिसूरीच्या घटनेत अशा कायद्यावर सार्वमत मागता येतं, मात्र राज्याच्या आठपैकी सहा मतदारसंघांतून पाच-पाच टक्के मतदारांच्या सह्या लागतात. सेंट लुईस आणि कॅन्सस सिटी मिळून सहा होत नाहीत. डिसेंबरमध्ये विरोधकांनी तीन लाखांहून जास्त सह्या सादर केल्या, त्या गोळा करायला त्यांना शहरांच्या हद्दी ओलांडून गोऱ्या मतदारांच्या वस्त्यांतही फिरावं लागलं.